रोजच्या वाटेची सायकल

प्रिय धाकटे,

सायकल ठेवून घेतली. तीच शेवाळी, जी घेऊन मी त्या शनिवारी घामाने निथळत तुझ्या दारात उभी राहिले होते आणि तू विचारलं होतंस, "ताई, बस चुकली की डोकं फिरलं?" काल दुकानात जाऊन व्यवहार पुरा केला. फोनवर हे एका वाक्यात सांगून झालं असतं, पण आपले फोन तुला माहीत आहेत. मी 'ऐक ना' म्हणते तोवर तुझ्याकडे दूध उतू जातं, बाबांना कूस बदलायची असते, मावशी बेल वाजवतात, आणि आपण दोघी 'बरं, ठेवते' म्हणून मोकळ्या होतो. मला जे सांगायचंय ते असं अर्ध्यात तुटून चालणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे. बाबांना झोप लागली की चहा करून घे आणि सावकाश वाच. मधूनच उडी मारून शेवट बघू नकोस. तुझी ती खोड मला ठाऊक आहे.

तुला वाटतं तसं हे खूळ एका दिवसात डोक्यात शिरलेलं नाही. दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा मी चांगली तयारी करून गेले होते, म्हणजे असं मला वाटत होतं. दुकानाचा मालक काटकुळा, उंच, तरुणपणी शर्यती जिंकलेला. भिंतीवर त्याचेच फोटो, प्रत्येकात तोंड वेडंवाकडं आणि गळ्यात पदक. मी मनात त्याचं नाव शर्यतवीर ठेवलं. त्याला म्हटलं, रोज कामावर जायला सायकल हवी, आणि कधीमधी सामान लादून एक-दोन दिवस बाहेर पडता आलं पाहिजे. तो म्हणाला, "रोजचं किती?" मी म्हटलं, जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. हे बोलले आणि माझी मीच दचकले. तुला ठाऊकच आहे, माझी खोली आमच्या कृत्रिम दातांच्या लॅबपासून चालत दहा मिनिटांवर आहे. पण त्या बिचाऱ्याला काय माहीत? त्याने खूश होऊन सगळ्यात पुढची, लालभडक सायकल काढली आणि एका बोटावर उचलून दाखवली. "मॅडम, ही चालवायची नसते, ही आपली आपण पळते." मी विचारलं, हिला कॅरिअर कुठे बसवायचं? मडगार्ड? धाकटे, त्याचा चेहरा बघायला हवा होतास. जणू मी एखाद्या नर्तकीला गोणी उचलायला सांगितलं होतं.

तरी त्याच्या आग्रहाखातर ती चालवून पाहिली. सपाट रस्त्यावर खरोखरच पळाली. मी गालातल्या गालात हसत होते. मग चढ लागला, तुला माहीत आहे तो, पाण्याच्या टाकीकडचा. तिचा सर्वांत हलका गिअरसुद्धा माझ्या गुडघ्यांना परवडणारा नव्हता. अर्ध्यावर उतरले आणि ढकलत नेली. सुतळीसारखे टायर, त्यामुळे उतारावर रस्त्याचा एकेक खडा थेट दाढेपर्यंत पोचत होता, आणि दाढांचं मोल मला कळतं. परत आले तेव्हा मान अशी धरली होती की दुसऱ्या दिवशी कवळी तपासायला डोकं खाली घालवेना. शर्यतवीर म्हणाला, "सवय होईल." लॅबमध्ये शेजारच्या टेबलावर बसते ना माझी मैत्रीण, ती चिनीमातीचे दात रंगवणारी, तिला हे सांगितलं. ती ब्रश खाली न ठेवता म्हणाली, "गुडघे तुझे, मान तुझी, आणि सायकल त्याच्या आवडीची का?" मग म्हणाली, "पण तू तर चालत येतेस. तुला सायकल कशाला?" मी म्हटलं, व्यायाम. तिने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि ब्रश पुन्हा रंगात बुडवला.

दुसऱ्यांदा गेले ती थेट दुसऱ्या टोकाला. सरळ हँडल, जाड टायर, पुढे धक्के शोषणारे दांडे, गादीसारखी सीट. बसल्यावर असं वाटलं की आरामखुर्चीलाच कुणीतरी चाकं लावली आहेत. गावातल्या गावात ती फार चांगली होती. भाजी आणायची असती तर तीच घेतली असती. पण मी ती कालव्याच्या बांधावर नेली. तिथे झाड नाही, घर नाही, वारा समोरून येतो आणि त्याला अडवायला फक्त आपणच असतो. सरळ हँडलवर ताठ बसून मी त्या वाऱ्यात एखादं कपाट ढकलत होते. दर थोड्या वेळाने वाटायचं, ब्रेक चिकटलाय. उतरून चाक फिरवून बघायचे, तर ते बिचारं मोकळं. दोष सायकलीचा नव्हता. ती मुळी त्या कामासाठी केलेलीच नव्हती. आमच्याकडे कधीकधी सुंदर दात तयार होतो, रंग, आकार, सगळं नमुन्याबरहुकूम, आणि तोंडात बसवल्यावर माणूस म्हणतो, चावता येत नाही हो. तेव्हा दाताची तारीफ करून उपयोग नसतो.

आपली पहिली सायकल तुला आठवते का? तू फार लहान होतीस, पण बाबांच्या दुकानाची ती काळी सायकल आठवत असेल. मागे शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं, पुढच्या दांडीवर उशी बांधून तू, आणि गाठोड्यावर मी. बाबा गिऱ्हाइकांकडे कपडे पोचवायला निघायचे तेव्हा आपण हट्ट करून बसायचो. आई दारातून ओरडायची, "इस्त्री मोडेल!" आणि बाबा म्हणायचे, "पोरी हलक्या आहेत, सुती कापडासारख्या." मी एकदा एका साहेबांच्या कोटावर झोपले होते आणि कोटाच्या पाठीवर माझ्या गालाची सुरकुती उमटली होती. बाबांनी तिथेच, त्यांच्या व्हरांड्यात, त्यांचीच इस्त्री मागून घेऊन ती काढून दिली. त्या सायकलीला गिअर नव्हता, ब्रेक लागला तर लागला. पण बाबांनी सीटची उंची आणि हँडलचा कोन स्वतःच्या मापाने बसवून घेतला होता. शिंपी तो. माप चुकलेलं त्याला खपत नसे.

तिसरी सायकल मी निवडली नाही, ती दुकानाच्या मागच्या भागात उभी होती. शर्यतवीराला तिचं फारसं कौतुक नव्हतं. "ही आपली मधली," म्हणाला, जसं एखाद्या घरात मधल्या मुलीबद्दल बोलतात तसं. पोलादाची फ्रेम, शेवाळी रंग, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, पण शर्यतीच्या सायकलीपेक्षा उंचावर, म्हणजे वारा नसेल तर वर धरून बसा, वारा आला तर वाका. टायर अंगठ्याएवढे रुंद. चढासाठी इतका हलका गिअर की पाय गरगर फिरतात आणि सायकल मात्र गोगलगाईसारखी वर सरकते. पावसातही धरतील असे डिस्क ब्रेक. आणि कॅरिअर-मडगार्ड बसवायला जागोजागी भोकं. मी ती भोकं मोजत बसले, तेव्हा तो हसायला लागला. म्हणाला, "तुम्ही पहिल्या गिऱ्हाईक, ज्यांनी रंगाआधी भोकं बघितली." टाकीचा चढ न उतरता चढले. वर पोचल्यावर धाप लागली होती, पण मी सीटवरच होते. कालव्यावर हँडलचा खालचा भाग धरला, आणि वारा डोक्यावरून निघून गेला.

तरीही पहिल्या दिवशी तळहात बधिर झाले आणि मानेत कळ. मी दुकानात जाऊन म्हटलं, सायकल बरोबर आहे, मी चुकीची बसतेय. आता मात्र शर्यतवीर खरा कामाला लागला. मला सायकलीवर बसवून त्याने दुरून, जवळून पाहिलं, गुडघ्याला ओळंबा लावला, सीट केसभर वर घेतली, मग थोडी पुढे. हँडल माझ्यापासून लांब पडत होतं, ते धरणारा तुकडा काढून आखूड बसवला. प्रत्येक वेळी विचारायचा, "आता कुठे बोचतंय?" हेच वाक्य मी इतकी वर्षं दुसऱ्यांना विचारत आले आहे. त्यामुळे मीही प्रामाणिकपणे सांगत राहिले, इथे नाही, इथे थोडं. त्या दुपारी आमची मैत्री झाली. मी त्याला पंक्चर काढायला शिकवा म्हटलं. त्याने टायर काढून माझ्या हातात दिला आणि स्वतः चहा प्यायला निघून गेला. परत आला तोवर मी नखं काळी करून घेतली होती, पण टायर पुन्हा बसला होता. मग म्हणाला, "ही घेऊन जा शनिवार-रविवार. सामान लादून एक रात्र बाहेर काढा. नाही पटली तर परत आणा."

त्या शनिवार-रविवारी मी तुझ्याकडे आले. तू दमलेली होतीस, म्हणून वाटेतलं काही सांगितलं नाही, ते आता ऐक. मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पिशव्या, एकीत कपडे, दुसरीत बाबांसाठी संत्री आणि तुझ्यासाठी नकाशांना ठिगळं लावायचे ते हातकागद. जुन्या पंपघराच्या पुढे मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. आजूबाजूला एक बगळा सोडला तर कुणी नाही. क्षणभर रडू आलं, खोटं कशाला बोलू. मग सायकल उलटी केली, चाक काढलं, काटा चिमट्याने उपटला. हो, लॅबमधला चिमटा माझ्या पर्समध्ये असतोच. ट्यूब कालव्याच्या पाण्यात धरून बुडबुडे शोधले, ठिगळ लावलं, हवा भरली. हवा राहिली! मी त्या बगळ्याकडे बघून मोठ्याने म्हटलं, "बघितलंस?" तो उडून गेला. उरलेली वाट मी गात आले. तू दार उघडलंस तेव्हा माझ्या तोंडावर जो आनंद होता तो तुला वेडेपणा वाटला, त्याचं मूळ हे.

आणि मग मी आत आले. तुझं टेबल बघितलं. खिडकीपाशी उत्तरेच्या उजेडात तू मुद्दाम ठेवून घेतलेलं ते लांब टेबल, ज्यावर तू फाटक्या नकाशांना आणि वाळवी लागलेल्या पानांना पुन्हा उभं करतेस. त्यावर चादर अंथरलेली होती. चादरीवर बाबांची औषधं, घडी घातलेले टॉवेल, गरम पाण्याची पिशवी. तुझे ब्रश एका कपात उभे होते, आणि त्यांचे केस कडक झाले होते. तू माझी नजर पाहिलीस आणि म्हणालीस, "सध्या मोठं काम नाहीये गं, म्हणून." मी म्हटलं, बरं.

दुपारी तू औषधांच्या दुकानात गेलीस, तेव्हा बाबांना मी चाकांच्या खुर्चीतून अंगणात आणलं. त्यांना सायकल बघायची होती. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांच्याकडे मोजके शब्द उरलेत, तेही अर्धे. पण डोळे शिंप्याचेच आहेत. सायकल त्यांनी फार वेळ पाहिली नाही. पाहिली माझी पॅन्ट. उजवा पायचा चेनच्या बाजूला सैल होता आणि त्याला वंगणाचा डाग पडला होता. त्यांनी डाव्या हाताने मला जवळ ओढलं, वाकले, आणि एका हाताने तो पायचा घोट्यापाशी चुणी घेऊन असा घट्ट दुमडला, की नंतर परतीच्या सगळ्या वाटेत तो सुटला नाही. मग टाचणीसाठी हात पुढे केला. माझ्याकडे टाचणी नव्हती. मी केसातली पिन काढून दिली. ती लावून त्यांनी मान मागे करून पाहिलं, गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं केल्यावर पाहायचे तसं.

आता थोडी मागे जाते. दुकानात जाण्याआधीची गोष्ट. तू फोनवर सहज, भाजी निवडता निवडता सांगितलंस, की समुद्रापलीकडच्या त्या मोठ्या संग्रहालयाने तुला दोन वर्षांसाठी बोलावलं आहे. त्यांच्याकडे भिजून खराब झालेले नकाशे आहेत, शेकड्यांनी, आणि त्यांना तुझाच हात हवा आहे. मी किंचाळले. तू हसलीस. "अगं, ओरडू नकोस, मी नाही म्हणणार आहे. ते म्हणाले, महिनाअखेरपर्यंत विचार करा. विचार काय करायचाय त्यात?" आणि लगेच म्हणालीस, "बरं, तिकडे कांदे काय भाव?" धाकटे, तू तो प्रश्न इतक्या हलक्या आवाजात विचारलास, की मी कांद्यांचा भाव सांगितला. तू रडली असतीस तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

मग मी गणित मांडायला बसले. दिवसा मावशी असतात, त्या बाबांना नीट सांभाळतात. प्रश्न रात्रीचा आणि सकाळचा. मी घरी राहायला आले तर लॅबचं काय? घराकडून सुटणारी पहिली बस मला लॅब उघडल्यावर पोचवते, आणि संध्याकाळची शेवटची लॅब बंद व्हायच्या आत निघून जाते. स्कूटर का नाही, असं तू विचारशीलच. हमरस्त्यावर ट्रकांच्या रांगेतून लांबचा वळसा घालून रोज जाण्याइतकी मी शूर नाही. आणि जवळची वाट म्हणजे कालव्याचा बांध, पंधराएक किलोमीटर, पण तिथे मोटारींना आणि स्कूटरलाही मज्जाव आहे. फाटकाला कुलूप, बाजूला माणूस आणि सायकल जाईल एवढी फट. नोकरी सोडावी, असं एकदा मनात आलं, आणि गेलं. मला माझं काम आवडतं, आणि ते सोडून मी बाबांच्या उशाशी बसले तर वर्षभरात त्यांनाच माझा कंटाळा येईल. राहता राहिली ती फट. त्या फटीतून जाणारी, चढ चढणारी, वाऱ्यात न रडवणारी, बाबांची औषधं आणि माझा डबा वाहून नेणारी, आणि सुट्टीच्या दिवशी थोडं लांब भटकवून आणणारी एक सायकल.

पण नुसत्या कागदावरच्या गणिताच्या भरवशावर मला तुला काही सांगायचं नव्हतं. मला एखादा रविवार नको होता, कामाचे दिवस हवे होते, कंटाळलेले, अंग दुखणारे. म्हणून गेले काही दिवस मी पहाटे निघत होते. कालव्याने घराजवळच्या फाटकापर्यंत यायचं, आणि तिथून वळून थेट लॅब गाठायची. फाटकातून आपलं स्वयंपाकघर दिसतं. तुझा दिवा लागलेला असायचा. एकदा तू खिडकीशी येऊन केस बांधलेस. हाक मारावी असं फार वाटलं, पण तू चहा केला असतास, मी सगळं सांगून बसले असते आणि उशीर झाला असता. एका सकाळी समोरून वारा होता, एकदा पाऊस भुरभुरला, एकदा तर रात्री झोपच नीट झालेली नव्हती. प्रत्येक दिवशी मी दात घडवायला वेळेवर बसले. आणि ज्या दिवशी मी पुढे रोज सकाळी लागेल त्याच्या दुप्पट अंतर करते आहे हे विसरूनच गेले, त्या दिवशी दुकानात गेले आणि म्हटलं, ही माझी.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहिलं. मी माझी खोली सोडली आहे. मालकीणबाईंना सांगून झालं, सामान थोडंच आहे, ते टेम्पोने येईल, मी सायकलवर येईन, या रविवारी. त्याग, उपकार असले शब्द काढलेस तर मी फाटकातूनच परत जाईन. मला एकटं राहायला आवडतं हे खरं आहे, आणि दोन वर्षांनी तू आलीस की मी पुन्हा एकटी राहीन, हेही खरं आहे. महिनाअखेर अजून यायची आहे. त्यांना आजच कळव. बाबांचं म्हणशील, तर त्या दुपारी अंगणात मी त्यांना सगळं सांगितलं होतं, तुला कळवायच्या आधी. ते ऐकत होते. मग बोलायचा प्रयत्न केला, शब्द येईना, घाम फुटला, मी म्हटलं, राहू द्या बाबा. त्यांनी माझ्या हातावर चापट मारली आणि पुन्हा सुरुवात केली. "तिला," म्हणाले. बऱ्याच वेळाने, "जाऊ दे." आणि मी उठायला लागले तर मनगट धरून ठेवलं, कारण अजून बाकी होतं. "हात," म्हणाले, "चांगला आहे तिचा." एवढं लांब वाक्य त्यांनी झटका आल्यापासून बोललेलं तू ऐकलं आहेस का? मी तरी नाही. तेव्हा माळ्यावरची मोठी बॅग काढ आणि ऊन दाखव. निघण्याआधी मला फक्त काही गोष्टी शिकवून जा. कूस बदलताना त्यांचा उजवा खांदा कसा धरायचा. रात्री ते हाक मारतात की नुसता पलंग वाजवतात. आणि दाढी करताना पाणी किती गरम लागतं, ते एकदा माझ्या हातावर ओतून दाखव.

तुझीच,
ताई